बहिरा महिना

जमादिलाखरचा शेवट, किंवा रजबची सुरुवात

मिठागराच्या बांधावर दोघे भाऊ समोरासमोर उभे होते. थोरल्याच्या हातात मीठ ओढायचं दंताळं होतं. धाकट्याचे हात मोकळे होते. थोरल्याचं तोंड पश्चिमेला होतं आणि धाकट्याची पाठ.

भांडण पाण्याचं होतं. समुद्राचं पाणी एकाच पाटाने दोघांच्या वाफ्यांत यायचं आणि त्या पाटाला एकच लाकडी झडप होती. ती खाली सरकवली की पाणी थोरल्याकडे वळायचं, वर केली की धाकट्याकडे. थोरल्याच्या मोठ्या वाफ्यात मिठाचा पापुद्रा धरला होता. टाचेने दाबला तर करकरायचा, इतका जाड झाला होता. दोन उन्हं आणखी मिळाली असती तर ओढायला घेतला असता. दुपारी तो जेवून आला तर वाफ्यात नवं पाणी शिरलेलं आणि पापुद्रा विरघळून गढूळ रबडी झालेली.

"मी झडपेला हात लावला नाही," धाकटा म्हणत होता.

"मग पाणी काय उडत आलं?"

"तुझा बांध बघ. वर्षातून एकदा तरी चिखल लावतोस का त्याला? बाप गेल्यापासून तू नुसता मोठा झालास, दादा. शहाणा झाला नाहीस."

सूर्य बुडाला होता. दिवसभर धूळ उडत होती, ती पश्चिमेला लालसर होऊन बसली होती. त्या धुळीत एक फट पडली आणि धाकट्याच्या खांद्याच्या वर थोरल्याला चंद्र दिसला. काचेवर नखाचा ओरखडा उठावा एवढाच. टोकं वर.

त्या घरात बापाच्या वेळेपासून एक गोष्ट ठरलेली होती. रजबचा चंद्र दिसला की हात खाली. मग समोर कोणीही असो. पोरांना चापट मारायची नाही, बैलावर काठी उगारायची नाही, भांडण तोंडात आलं असेल तर गिळायचं. हा महिना वर्षातल्या चार पवित्र महिन्यांपैकी एक, यात लढाई नाही.

हात आधीच वर गेला होता, असं थोरला पुढे स्वतःला पुष्कळदा सांगणार होता.

गेला नव्हता. चंद्र दिसला, मग हात वर गेला.

दंताळ्याचा दांडा धाकट्याच्या डाव्या कानावर बसला. तो आवाज न करता वाफ्यात आडवा झाला, त्याच गढूळ पाण्यात. थोरल्याने दंताळं टाकलं, उडी मारून त्याला उचललं. कानातून रक्त येत होतं आणि कानात खारं पाणी गेलं होतं. थोरल्याने हाक मारली तेव्हा धाकट्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जणू हाक ओठांवर दिसते का ते बघत होता.

त्याला मिठाच्या गाड्यावर घालून दवाखान्यात नेलं. परत येताना मशिदीच्या गच्चीवरून माणसं खाली उतरत होती. चंद्र बघायला चढलेली. कोणालाच काही दिसलं नव्हतं. इमामाने थोरल्याला थांबवलं. धाकट्याची चौकशी केली, अल्ला बरं करील म्हणाला, आणि मग म्हणाला, तू आगरात होतास, तिथून पश्चिम मोकळी दिसते, तुला काही दिसलं?

"धूळ होती," थोरला म्हणाला.

हे खरंच होतं.

इमामाने सांगितलं की चालू महिन्याचे, जमादिलाखरचे, तीस दिवस पूर्ण करायचे. रजब उद्या संध्याकाळपासून.

थोरल्याचा रजब. गावाचा अजून नाही.

ज्याने चंद्र पाहिला त्याच्यापुरता महिना लागतो. थोरल्याला हे लहानपणापासून माहीत होतं. बाकीच्यांनी इमामाचं ऐकावं. पाहणाऱ्याने पाहिल्यासारखं वागावं.

सकाळी तो उठला आणि बायकोशी इतक्या हळू बोलला की तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंगणात शेजाऱ्याची शेळी शिरून वाळत घातलेली कणसं खात होती. त्याने तिला हाकललं नाही. शेळी खात राहिली.

"अहो, रजब आज संध्याकाळपासून आहे," बायको म्हणाली. "तोवर शिव्या द्यायला काही हरकत नाही."

तो हसला नाही. तिनेच शेळीला हुसकावलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

लोक भेटायला आले. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मिठागरात आडोसा नसतो, दूरवर दुसऱ्या आगरात वाकलेली माणसं सरळ होऊन बघत होती. कोणी त्याला दोष दिला, कोणी धाकट्याच्या जिभेला. जखमेवर मीठ चोळायला आमच्याकडे लांब जावं लागत नाही, असं एक जण म्हणाला. पण उठताना प्रत्येकाने तीच एक गोष्ट सांगितली, समजूत काढायची म्हणून. नशीब समज, एक दिवस आधी झालं. रजबमध्ये झालं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

थोरला मान हलवत होता.

आता दोघांचा. पण थोरला पुढे.

धाकटा घरी आला. डोक्याभोवती पट्टी, चेहऱ्याची एक बाजू सुजलेली. कानाचा पडदा गेला होता आणि तो परत येणार नव्हता, असं डॉक्टरने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाला थोरला गेला तर धाकटा आधीच मशिदीच्या पायऱ्यांवर बसून तोंड-हात धुऊन वजू करत होता. पट्टी भिजू नये म्हणून जपून, मान तिरकी करून. थोरला थांबला. धाकट्याने उठून सलाम केला.

"दादा, हा महिना मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "महिना झाला की बोलू."

आवाज थोडा मोठा होता, एका कानाने ऐकणाऱ्याचा असतो तसा.

तेवढंच. त्यानंतर तो रोज सलाम करायचा. रोज विचारायचा, बरा आहेस ना. पाणी यायच्या वेळेला स्वतः जाऊन झडप आधी थोरल्यासाठी लावायचा, त्याचे वाफे भरू द्यायचा आणि मगच आपल्याकडे सोडायचा. असं बाप असतानाही कधी झालं नव्हतं. थोरला बांधावर उभा राहून पाहायचा. धाकटा झडप खाली सरकवायचा, कडेला चिखल थापायचा, हात धुवायचा आणि निघून जायचा. त्याच्या तोंडावर राग नसायचा. राग असता तर थोरल्याला त्याच्याशी काहीतरी करता आलं असतं.

धाकट्याची बायको मात्र पाणवठ्यावर थोरल्याच्या बायकोला भेटली की भांडं भरेपर्यंत गप्प राहायची आणि डोक्यावर घेताना म्हणायची, "पुढचा चंद्र होऊ दे, जाऊबाई."

"झाल्यावर काय?"

"होऊ तर दे."

घरी येऊन थोरलीने हे नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास ताटात ठेवला, पुन्हा उचलला नाही. कष्टाच्या अंगाला हे मानवलं नाही. महिना अर्ध्यावर येईतो त्याच्या गळ्याची हाडं वर आली. वाफ्यात मीठ ओढताना तो मध्येच थांबायचा आणि मागे वळून बघायचा. मागे कोणी नसायचं. पांढरे वाफे, वारा, आणि बांधावर बसलेले बगळे.

सुताराने त्यात भर घातली. सुतार गमत्या माणूस, त्याला एखादी बातमी पोटात ठेवणं म्हणजे गळू ठेवण्यासारखं. धाकट्याने दंताळ्याला नवा दांडा बसवून नेला म्हणाला, आणि लाकूड स्वतः निवडलं. हलकं दाखवलं तर नको म्हणाला. मीठ ओढायला एवढं जड कशाला, असं मी विचारलं तर नुसता हसला. सुतार थोरल्याच्या तोंडाकडे बघून थांबला आणि मग घाईने म्हणाला की पाण्यात भिजणाऱ्या वस्तूला जड लाकूड टिकतं, हेही खरंच.

तीच संध्याकाळ, चंद्र वगळून

भाऊ समोरासमोर उभे होते. सूर्य अजून होता, बोटभर होता. धूळ दाट होती. तिच्यात फट पडली नाही. धाकट्याच्या खांद्याच्या वर काही नव्हतं. हात वर गेला.

थोरला हे वाफ्यात उभा राहून रोज रचायचा. पोटऱ्यांपर्यंत खारं पाणी, पायांच्या भेगांत आग, हातात दंताळं, आणि मनात ही संध्याकाळ. पहिले काही दिवस ती नीट बसायची. सूर्य बोटभर वर राहायचा. पुढे पुढे सूर्य आपोआप बुडू लागला. मग त्याने धूळ अधिक घातली. मग धुळीत फट पडू लागली.

शेवटी त्याने चंद्र राहू दिला आणि स्वतःलाच पाठमोरं उभं केलं. धाकट्याने पश्चिमेकडे बघावं, आपण पूर्वेकडे. म्हणजे चंद्र धाकट्याला दिसला असता आणि त्याने सांगितलं असतं, दादा, थांब, चंद्र झाला.

थोरला थांबलाही असता. याची त्याला खात्री होती, आणि ही खात्रीच सगळ्यात वाईट होती.

जुम्मा

इमाम म्हातारा नव्हता, पण पाठ वाकलेली होती. लहानपणी तोही आगरात राबला होता. जुम्म्याच्या नमाजाआधी तो रजबबद्दल बोलला. चार महिने पवित्र, त्यातले तीन एकमेकांचा हात धरून येतात, रजब तेवढा एकटा, भावंडांपासून तुटलेला. या महिन्यांत आपल्याच जिवावर अन्याय करू नका असं सांगितलं आहे. चांगलं केलं तर ते जड होतं, वाईट केलं तर तेही जड होतं. पुढे शाबान आहे, त्यापुढे रमजान. दाराशी येऊन ठेपलेल्या पाहुण्यासाठी घर झाडतात तसं मन आतापासून झाडायला घ्या.

मग तो म्हणाला, जुने लोक या महिन्याला बहिरा म्हणायचे. बहिरा रजब. कारण या महिन्यात हत्याराचा आवाज ऐकू येत नसे. बापाचा मारेकरी समोर आला तरी माणूस वाट सोडून बाजूला व्हायचा.

पुढच्या रांगेत धाकटा बसला होता. पट्टी निघाली होती. उजव्या कानामागे तळहात धरून, मान वळवून तो ऐकत होता, आणि त्यामुळे त्याचं तोंड नेमकं थोरल्याकडे आलं होतं. बहिरा हा शब्द आला तेव्हा एकदोघांनी त्याच्याकडे पाहिलं. तोही ओशाळं हसला, नाव घेतल्यावर माणूस हसतो तसा.

थोरल्याला वाटलं आपण आत्ता उभं राहावं. गुडघे दुमडलेले होते ते तसेच राहिले.

बांध

"अहो, हे बघा," थोरल्याची बायको म्हणाली.

ती बांधाला चिखल लावत होती. मोठ्या वाफ्याच्या कोपऱ्यात, पाटाच्या बाजूला, बांधाच्या पोटात खेकड्याचं बीळ होतं. मनगट जाईल एवढं. ते आतून मोठ्या वाफ्यात निघत होतं. तिने हात घातला आणि पलीकडून बोटं हलवून दाखवली.

पाणी इथून आलं होतं. झडप धाकट्याकडे वळवलेली असतानाही इथून आलं होतं, हे दोघांनाही समजलं आणि दोघांनीही काही वेळ त्या बोटांकडे पाहिलं.

"भावोजी म्हणत होते ना, बांध बघ म्हणून."

थोरल्याने चिखलाचा गोळा घेतला आणि बीळ बुजवायला सुरुवात केली. तिने त्याचा हात धरला.

"त्यांना दाखवा आधी."

"आता महिना आहे. भांडण काढायचं नाही."

"हे भांडण आहे?" ती म्हणाली. "तुम्हाला झालंय तरी काय? महिना लागायच्या आधीपासून तुम्ही असे आहात. शेळीच्या दिवसापासून. तुम्ही कशाला भिता ते मला कळत नाही. त्यांनी मारलं तर मारतील एक दांडा. तेवढं तुमचं होतंच."

त्याने बीळ बुजवलं. हाताने थापून गुळगुळीत केलं. ती पाटी तिथेच टाकून घरी गेली आणि सगळ्यांच्या देखत दिराच्या अंगणात उभी राहून तिने बिळाची गोष्ट सांगितली. धाकट्याने ऐकून घेतलं. त्याची बायको काही बोलायला गेली तर त्याने हात वर करून तिला थांबवलं. महिना आहे, एवढंच तो म्हणाला.

डावी बाजू

फजरनंतर दोघे एकाच वाटेने आगरात जायचे. धाकटा पुढे, थोरला मागे. एका पहाटे थोरला भराभर चालून त्याला गाठायला गेला आणि त्याच्या डाव्या बाजूने चालू लागला.

वारा होता. उजाडत होतं. थोरला समोर बघत, रोजचं काही बोलावं तशा आवाजात म्हणाला, "मला चंद्र दिसला होता. तुला मारलं त्याच्या आधी दिसला होता."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलल्याचं त्याला दिसलं असावं. त्याने समजल्यासारखी मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "गार आहे आज."

ते चालत राहिले. थोरल्याला क्षणभर हलकं वाटलं. सांगून झालं होतं. पाटापर्यंत ते हलकेपण टिकलं. तिथे धाकटा वाकला, झडप खाली सरकवली, थोरल्याचे वाफे भरू लागले, आणि त्या पाण्याच्या आवाजात थोरला उकिडवा बसून ओकला. पोटात काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी आलं.

धाकट्याने धावत येऊन त्याची पाठ चोळली.

गावाचा रजब उरलेला. थोरल्याचा संपलेला.

आदल्या संध्याकाळी थोरल्याने एकट्यानेच पश्चिमेला पाहिलं होतं. आभाळ स्वच्छ होतं, चंद्र नव्हता. म्हणजे त्याच्या हिशेबाने महिना तिसाचा होता आणि आज सूर्य बुडताच तो पूर्ण झाला. आज चंद्र असणारच होता. ढगांमागे असला तरी असणार होता.

गावाचा मात्र आज एकोणतिसावा होता. माणसं मशिदीच्या गच्चीवर चढली. समुद्रावरून ढगांची भिंत आली होती. कोणी म्हणालं तिथे काहीतरी चमकलं, दुसरा म्हणाला तुझ्या सासऱ्याचं टक्कल असेल, आणि इमामाने दोघांना गप्प केलं. काळोख होईतो ते पाहत राहिले. मग इमामाने सांगितलं की दिसला नाही, रजबचे तीस पूर्ण करायचे.

थोरला खाली अंगणात उभा होता. त्याला एक दिवस आणखी मिळाला होता. मागितला नव्हता, आपोआप पदरात पडला होता.

धाकटा पायऱ्या उतरून आला. रोजच्यासारखा सलाम केला.

"उद्या पाणी लवकर चढेल," तो म्हणाला. "मी आधी येऊन झडप लावीन. तू सावकाश ये, दादा. तुझी तब्येत बरी दिसत नाही."

तो निघाला. थोरला गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्या मागे गेला. तिथे त्याने धाकट्याचा खांदा धरला आणि त्याला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेला.

"रजब आज संपला," तो म्हणाला.

"दिसला नाही ना."

"लागला तेव्हा मी पाहिला होता. गावाच्या एक दिवस आधी. बांधावर. तुझ्या मागे होता."

धाकटा उभा राहिला. वरच्या एका खिडकीत दिवा लागला, त्याचा उजेड त्याच्या जखम सुकलेल्या कानावर पडला. त्याने विचारलं, "मारायच्या आधी?"

"आधी."

"आणि तरी."

"हो."

थोरल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का घेतली ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो वाट बघत होता. धाकट्याच्या हाताची मूठ वळलेली त्याला दिसली, आणि तिच्याकडे बघताना त्याला पहिल्यांदाच त्या महिन्यात भीती वाटली नाही.

"मी पाठमोरा होतो," धाकटा म्हणाला. "मला काही दिसलं नाही. मला इमामाने सांगितलं तेवढं ऐकू आलं. माझा रजब उद्याही आहे."

"मी सांगतोय ना तुला."

"तू तेव्हा सांगायचंस. त्याला सांगायचंस." त्याने मशिदीकडे मान वळवली. "लोक शाबान चुकीचा धरतील आता. मग रोजे चुकीच्या दिवशी धरतील. तुझ्या एका धुळीपायी."

मूठ सुटली नव्हती. ती तशीच घेऊन तो घरी गेला.

थोरला गल्लीत उभा राहिला. त्याचा महिना सरला होता आणि भावाचा सरायचा होता, आणि मधल्या या दिवसात तो एकटा होता. उद्याही सलाम होणार होता. उद्याही झडप आधी त्याच्यासाठी लागणार होती. चंद्र पाहिल्याची त्याची साक्ष इमामाने धरली, तर मात्र महिना आत्ताच संपत होता, सगळ्यांचा, आणि त्या मुठीचाही.

तो परत फिरला.

माणसं अजून पांगली नव्हती. पायऱ्यांवर चपला शोधत होती, सुतार कोणाला तरी सासऱ्याच्या टकलाचं पुन्हा ऐकवत होता. थोरल्याला उघड्या डोक्याने येताना बघून बोलणं थांबलं. तो थेट इमामापुढे गेला आणि म्हणाला की त्याला चंद्राची साक्ष द्यायची आहे.

"आज दिसला?"

"आज नाही. रजब लागला तेव्हाचा. एक दिवस आधी."

इमामाने त्याच्याकडे पाहिलं. "तेव्हा मी तुला विचारलं होतं."

"मी धूळ सांगितली. धूळ होतीच. तिच्यातून दिसला."

इमामाने रीतीप्रमाणे सुरुवात केली. कुठे होता, केवढा उंच, टोकं कुणीकडे. थोरल्याने हात लांब करून उंची दाखवली. टोकं वर होती म्हणाला. सूर्य बुडाला होता का. बुडाला होता. माणसं जवळ सरकली. कोणाचा तरी पाय लागून एक चप्पल पायरीवरून खाली पडली, ती कोणी उचलली नाही.

"बरोबर कोण होतं?"

"धाकटा. पण तो पाठमोरा होता."

सुताराने तोंडावर हात ठेवला. पुढचा प्रश्न इमामाला विचारायचा नव्हता, हे त्याच्या वाकलेल्या पाठीवरून दिसत होतं. पण साक्ष अर्धी घेता येत नाही.

"तू त्या वेळी काय करत होतास?"

"दंताळं हातात होतं," थोरला म्हणाला. "खाली होतं. चंद्र दिसला, मग उचललं."